देवक कळंब, दुरुस्तीसह

कळंब हे झाड मी आजवर पाहिलेलं नाही.

तरीही ते आमच्या घराण्याचं देवक आहे, असं मी कोपरगावात, परक्या दिवाणखान्यात, हातात पोह्यांची बशी असताना स्पष्ट आवाजात सांगितलं.

(आरती: आवाज स्पष्ट नव्हता. तोंडात पोहे होते.)

ही आरती, माझी बायको. मी लिहिलेलं पान ती वाचते आणि जिथं पटत नाही तिथं कडेला पेन्सिलीने लिहिते. कडेचं सगळं मजकुरात घ्यायचं, या अटीवर मला हे लिहायची परवानगी मिळाली आहे. तेव्हा मध्येच कुणी बोललं तर दचकू नये. मीही आता दचकत नाही.

आधी देवक. ज्यांच्याकडे लग्न म्हणजे हॉल, केटरर आणि ड्रोन, त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक कुळाचं एक झाड असतं. लग्नाच्या आधी वाजतगाजत जाऊन त्याची डहाळी आणायची आणि मांडवात बांधायची. झालं, झाड लग्नाला हजर. एरवी त्याची कुणी चौकशी करत नाही. आमच्याकडे ही चौकशी माझ्या लग्नानंतर बंद होती. त्या लग्नात वडिलांनी काहीतरी आणून बांधलं होतं खरं. पण नवे बूट चावत असल्यामुळे माझं लक्ष जमिनीकडे होतं.

आता कोपरगाव.

आमची सुकन्या आणि त्यांचा अमृत पुण्यात एकाच कंपनीत. त्यांनी एकमेकांना पसंत केलं, घर कुठं घ्यायचं ते ठरवलं, घरात कुत्रा असावा की मांजर यावर एकदा भांडूनही झालं. आमच्याकडे फक्त आनंदी होण्याचं काम उरलं होतं. ते करायला आम्ही भिंगारहून कोपरगावला गेलो.

राधाकृष्णराव, म्हणजे अमृतचे वडील, साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. बंगल्याच्या मागच्या भिंतीपर्यंत ऊस. आम्ही मूळचे पाथर्डीकडचे. आमच्या गावात पाहुण्याला आल्याआल्या तांब्याभर पाणी देतात, ते केवळ रीत म्हणून नव्हे, ऐपत दाखवायलाही. भावकीतले निम्मे लोक दिवाळीनंतर याच बाजूला ऊसतोडीला येतात. राधाकृष्णरावांनी हा विषय काढला नाही, मीही काढला नाही. दोघांनी इतक्या काळजीने न काढल्यामुळे तो पोह्यांवरच्या खोबऱ्यासारखा सगळ्यांना दिसत होता.

"आमचं काही नाही हो, अंगदराव," ते म्हणाले. "आम्ही मॉडर्न. देणंघेणं नाही, मानपान नाही. आबांच्या कानावर घातलं की झालं." मग खिडकीतून अंगण दाखवत म्हणाले, "तो निंब आहे ना, तो लग्नाआधी काढायचाय. तिथं कार पोर्च. फायबरचं शेड सांगून ठेवलंय."

निंबाखाली खाट होती आणि खाटेवर आबा होते. रामहरी आबा, अमृतचे आजोबा, नव्वदीच्या आसपासचे. आईवडील दोघं नोकरीला, म्हणून अमृतला लहानाचं मोठं आबांनी केलेलं. ते काठी टेकत आत आले, बसले, चहा घेतला, आणि मला म्हणाले,

"पाव्हनं, देवक काय तुमचं?"

मी लष्कराच्या भांडारात नोकरी केलेला माणूस. सिव्हिलियन स्टाफ, पण शिस्त तीच. तीस-बत्तीस वर्षांत माझ्या हाताखालून चिठ्ठी लावल्याशिवाय साधा बोल्टसुद्धा बाहेर गेलेला नाही. त्या माणसाने मनाचा कप्पा उघडला तर आत काहीच नाही. "माहीत नाही" हे दोन शब्द हाताशी होते. पण मागे ऊस उभा होता, भोवती बंगला होता, आणि कोरडवाहू गावच्या माणसाला आपलं देवकसुद्धा ठाऊक नाही असं त्या उसासमोर म्हणवेना.

"कळंब," मी म्हणालो. शब्द कुठून आला, देव जाणे. कुणाच्या तरी लग्नात कानावर पडला असेल.

"अरे वा!" राधाकृष्णरावांनी मांडीवर थाप मारली. "आमचंही कळंबच! जुळलं की!"

"जुळलं!" मीही म्हणालो. आम्ही हात मिळवले. विहीणबाई लगबगीने साखर घेऊन आल्या.

(आरती: मी तेव्हाच तुमच्या पायावर पाय दिला होता.)

मला वाटलं, आनंदाने दिलाय.

आबांनी कप खाली ठेवला. "मग सोयरीक न्हाई व्हत."

"का, आबा?"

"यक देवक म्हंजी यक कूळ. पोरगा आन् पोरगी भाऊ-बहीन झाली. भाऊ-बहिनीचं लगीन लावता व्हय रं?"

सगळ्यांच्या तोंडात साखर होती. ती गिळावी की कसं, हे कुणालाच ठरवता येईना.

*

राहुरी मागे पडली. मग मागच्या सीटवरून सुकन्या म्हणाली, "बाबा, तुम्हाला नक्की माहीत होतं ना?"

खरं सांगायला यापेक्षा चांगली जागा पृथ्वीवर नव्हती. दारं बंद, काचा वर, घरचीच माणसं.

"देवकाची कुणी गंमत करतं का?" मी म्हणालो.

"मग आम्ही रजिस्टर करतो."

"आणि अमृत?" आरतीने विचारलं.

सुकन्या बाहेर बघायला लागली. निघताना आबा एवढंच म्हणाले होते, "करा तुमी. म्या मातूर येनार न्हाई." ना राग, ना आवाज. आणि अमृत फाटकाशी तिला म्हणाला होता, "आबांशिवाय मला नाही उभं राहता येणार. थोडे दिवस दे."

"दिवस मागितलेत त्याने," सुकन्या म्हणाली. "किती, ते त्यालाही माहीत नाही."

त्यानंतर भिंगार येईपर्यंत ती मोबाईलकडे बघत होती. मोबाईल बंद होता.

तेव्हा मी मनाशी ठरवलं, की खरं देवक शोधून काढायचं आणि "किरकोळ दुरुस्ती" म्हणून कोपरगावला कळवायचं. भांडारात आम्ही हेच करतो. चुकीचा माल गेला तर चूक झाली असं म्हणत नाहीत. "सुधारित" असा शिक्का मारून दुसरा माल पाठवतात.

*

सल्ले. (हा भाग आपोआप झाला. मी कुणाला काही विचारलं नव्हतं.)

शेजारचे सुभेदार पुंजाराम, निवृत्त, गेटवरच भेटले. "अपील करा," ते म्हणाले.

"कुणाकडे?"

"वरच्या अथॉरिटीकडे."

"देवकाच्या वरची अथॉरिटी कोण?"

सुभेदारांनी विचार केला. "कुलदैवत. पण थ्रू प्रॉपर चॅनेल जायला पाहिजे. आधी देवकाचंच ना-हरकत लागेल." आणि आपल्याच तर्कात अडकून ते बराच वेळ गेटवर उभे राहिले.

समोरच्या ज्ञानेश्वरीताईंनी मोबाईलवर एक संस्था शोधून दिली. देवकदोष निवारण, घरबसल्या, व्हिडिओ कॉलवर. त्यांनी आपणहून चौकशीही करून ठेवली. गुरुजी म्हणाले, दोष निघेल, पण आधी देवकाचं नाव भरावं लागेल. नाव खरं आहे की नाही हे कसं कळतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, ते तुमच्या श्रद्धेवर.

तिसरा सल्ला घरातला. आरती म्हणाली, "एक वाट आहे. सुकन्येला माझा भाऊ मांडीवर घेईल. त्याच्या घरातून लग्न लावायचं, त्याचं देवक. कन्यादान तो करेल."

"आणि मी?"

"तुम्ही जेवायला या."

(आरती: असं मी म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते, तुम्ही पाहुण्यांकडे बघा.)

हे त्याहून वाईट होतं. माझ्या मुलीच्या लग्नात मेव्हणा पाटावर, आणि मी दारात अत्तर लावत उभा. त्या रात्री मी भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं. जे झालं ते जसंच्या तसं देतो, कारण माझ्या शब्दांत सांगितलं तर मी खोटं सांगतोय असं वाटेल.

मी: सर्व भाऊबंदांना नमस्कार. आपलं देवक कोणतं? ज्येष्ठांनी कृपया कळवावे.

सहादेव, पुणे: शुभ रात्री. (सोबत चंद्र आणि गुलाब.)

हनुमंत, गाव: तात्या, तुमीच तर कोपरगावला कळंब म्हनून सांगितलं. वहिनीचा फोन आल्ता.

सहादेव, पुणे: अंगदतात्या शिकलेले आहेत. त्यांनी सांगितलं म्हणजे पाहूनच सांगितलं असणार.

कुणीतरी: भावपूर्ण श्रद्धांजली.

हनुमंत, गाव: कोन गेलं?

कुणीतरी: सॉरी, दुसऱ्या ग्रुपवरचं होतं.

सहादेव, पुणे: वाद नको. लोकशाही पद्धतीने मतदान घेऊ. पर्याय: कळंब, आंबा, उंबर, माहीत नाही.

मतदान झालं. कळंब प्रचंड बहुमताने निवडून आला. 'माहीत नाही'ला एकच मत पडलं, ते माझं. अशा मतदानात कुणी काय दाबलं हे सगळ्यांना दिसतं, हे मला हनुमंताच्या पुढच्या निरोपावरून कळलं: "तात्या तुमच्याकडून चुकून खालचं बटन दाबलं गेलं. मी समजून घेतलं."

म्हणजे पुरावा शोधायला निघालेल्या माणसाला पुरावा सापडला होता, आणि तो पुरावा तो स्वतःच होता. माझ्याआधी आमच्या कुळात देवकाबद्दल कुणालाच काही ठाऊक नव्हतं. माझ्यानंतर सगळ्यांना ठाऊक झालं. परंपरा अशाच सुरू होत असतील का, असा एक विचार मनात आला. तो मी लगेच घालवला, कारण झोप येईना.

(आरती: घोरत होतात.)

*

गावाला स्वतः जाऊन जुन्या माणसांना विचारावं म्हणून निघालो. वेशीवर पोहोचलो तर वर माझाच फोटो.

बॅनर मोठं होतं. 'समस्त कळंब देवक भावकी परिवार. भव्य वृक्षारोपण सोहळा. शुभहस्ते: मा. अंगदराव, भिंगार, ज्यांनी आपल्या देवकाचा शोध लावला.' फोटो सुकन्येच्या पदवीदान समारंभातून कापून घेतलेला, त्यामुळे माझ्या खांद्यावर कुणाची तरी अर्धी काळी टोपी.

हनुमंत, माझा चुलत भाऊ, धावत आला. "तात्या, कसं वाटलं?"

"अरे, पण मी तर विचारायला..."

"आता इचारायचं काय ऱ्हायलंय? चला, ग्रामसेवक खोळंबलेत."

ग्रामसेवक मोबाईलवर झाडाची नोंद करत होते. झाड लावण्याच्या योजनेत बसवलं तर भोवती जाळी फुकट मिळते, म्हणून भावकीने तसं ठरवलं होतं. पण अॅपमध्ये झाडांची जी यादी होती तिच्यात कळंब नव्हता. "यादीत नसलेलं झाड शासनाच्या दृष्टीने नसतं," ग्रामसेवक म्हणाले. मग त्यांनी मार्ग काढला. आमच्या कुळाचं देवक सरकारदरबारी 'इतर' म्हणून लागलं.

पुढची अडचण फोटोची. आधी रिकामा खड्डा, मग झाड, मग झाडासह लाभार्थी, असे तीन फोटो जागेच्या खुणेसकट जायला हवेत. खड्डा देवळामागे खणलेला, आणि तिथं नेटवर्क नाही. ग्रामसेवक मोबाईल उंच धरून देवळाच्या पायऱ्या चढले, पारावर उभे राहिले. नेटवर्क मिळालं, पण तिथून खड्डा दिसेना. शेवटी खड्डा हलवला. शाळेच्या समोर नेटवर्क भरपूर होतं, तिथं नवीन खणला.

मी रोप हातात घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली वाकलो तेव्हा हनुमंत माती लोटायचं निमित्त करून कानाशी आला.

"तात्या, येक सांगू का? कळंब मिळालाच न्हाई. लई फिरलो. नर्सरीवाला म्हनला संपलेत, करंज न्या, बघनाऱ्याला काय कळतंय. ह्ये करंज हाय. पन बोलू नका कुनाला, ब्यानर छापून झालंय."

मी त्याच्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर जो भाव आला तो नेमका तिसऱ्या फोटोत गेला आणि 'लाभार्थी' म्हणून जमा झाला.

*

लंकाबाई, माझी चुलती, सोहळ्याला आली नव्हती. गुडघ्यांमुळे ती उंबऱ्यावरच बसून असते. लग्न होऊन याच घरात आलेली, तिच्या मांडवात आमचंच देवक बांधलं असणार. माझी शेवटची आशा.

"काकू, तुझ्या लग्नात मांडवाला कोणतं झाड बांधलं होतं?"

"मला इचारतूस?" तिला हसू आलं. "आरं, नाकापतुर पदर हुता. मला माजी पायाची बोटं सोडून काय दिसत हुतं? येकदा मान वर केली तर सासूनं खाली दाबली."

"तरी काही आठवत असेल."

"पानं हुती."

"कसली?"

"हिरवी."

मी तिथेच बसलो. तिने सुपारी कातरून माझ्या हातावर ठेवली.

"म्हायेरचं देवक ठाव हाय मला," ती म्हणाली. "जांभूळ. चुलीत जांभळाची काटकी घातली म्हनून आजीनं मारलं हुतं. पन लगीन लागलं आन् त्ये माजं ऱ्हायलं न्हाई. बाई मांडवात शिरती येका झाडाची, भाईर येती दुसऱ्या झाडाची. तिला इचारून बदलत्यात व्हय झाड?" मग म्हणाली, "सुकन्येला इचारलंस का?"

"काय?"

"कोनतं झाड पायजे त्ये."

म्हातारी माणसं कधीकधी भलतंच बोलतात, असं वाटून मी मान डोलावली आणि भिंगारला परत आलो.

घरात सुकन्या होती. पुण्याहून सुट्टी काढून आलेली, पण सुट्टीवर असल्यासारखी दिसत नव्हती. जेवताना तिने अमृतच्या फोनबद्दल काही सांगितलं नाही, आणि आरतीने विचारलं नाही. भांडी घासताना आरती एवढंच म्हणाली, "मी भावाला फोन करते उद्या."

"नको," मी म्हणालो. "मी कोपरगावला जातो. सांगतो."

"काय सांगता?"

"सुधारित."

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मलाही तेच वाटलं होतं. पायावर पाय त्यासाठीच दिला होता."

(आरती: इथं काही दुरुस्ती नाही.)

*

मी एकटाच कोपरगावला गेलो. म्हणजे गाडी सुकन्येने चालवली, रस्ता आरतीने सांगितला, आणि मागे मी एकटा.

राधाकृष्णरावांनी चहा होताच मला गच्चीवर सोलर बघायला नेलं. पाट्यांचं तोंड कुठं, वीज किती, कारखान्यातल्या कुणाकुणाकडे अजून नाही, हे सगळं झालं. मी घसा साफ केला. तेवढ्यात तेच म्हणाले,

"अंगदराव, एक विचारू? कळंब दिसतो कसा?"

"तुमचं देवक आहे ना?"

"तुमचंही आहे."

आम्ही दोघांनी सोलरच्या काचेत बघितलं. तिथं दोन टक्कल पडलेले गृहस्थ शेजारी शेजारी दिसत होते.

"मला वाटलं, पत्रिकेसारखं असतं," राधाकृष्णराव हळूच म्हणाले. "जुळलं की चांगलं. तुम्ही कळंब म्हणालात, मी हो म्हटलं. समोरचा म्हणेल त्याला हो म्हणायची सवय हो. अख्खी नोकरी तशीच केली."

"मला माहीत नव्हतं म्हणून मी काहीतरी म्हणालो," मी म्हणालो. तीस वर्षांत पहिल्यांदा चिठ्ठी न लावता माल दिला आणि फार हलकं वाटलं.

आम्ही इतके हसलो की खालून विहीणबाईंनी काय झालं म्हणून हाक मारली. हसणं संपल्यावर लक्षात आलं की प्रश्न तिथंच आहे.

"तुम्ही कळंब ठेवा," ते म्हणाले.

"छे छे, मान वराकडचा. तुम्ही ठेवा."

"तुम्ही आधी म्हणालात."

"पण तुम्ही मनापासून म्हणालात."

"आमच्याकडे मानपान नाही हो, अंगदराव."

"म्हणूनच म्हणतो, घ्या."

मग मी त्यांना बॅनर, मतदान, खड्डा, सगळं सांगितलं. ते गंभीर झाले. "मग आता तुम्हाला परत फिरता येणार नाही," ते म्हणाले. "पण मी आबांना काय सांगू?" जिन्यात "तुम्ही पुढं व्हा", "नाही, तुम्ही पुढं व्हा" करत शेवटी आम्ही दोघं एकाच वेळी उतरलो. जिना एकाच माणसापुरता होता.

आबा निंबाखाली खाटेवर होते. शेडवाला येऊन गेला असावा, कारण बुंध्यावर लाल रंगाचा पट्टा मारलेला होता. खाटेच्या कडेला सुकन्या बसली होती आणि भुईमुगाच्या शेंगा फोडून दाणे आबांच्या हातावर ठेवत होती. सोयरीक होत नाही असं त्यांनी म्हटल्यावरही मुलगी त्यांच्याशी अशी बोलत होती, जसं काही ती रोजच तिथं बसते. अमृत जवळच उभा, हात कुठं ठेवावेत हे न सुचलेला.

"आबा," मी म्हणालो, "कळंब मी उगाच सांगितलं. मला आमचं देवक ठाऊक नाही."

"आणि मी उगाच हो म्हणालो," राधाकृष्णराव म्हणाले.

सुकन्येच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. ती रागावेल असं वाटलं होतं. पण लहानपणी मी सायकल शिकवताना स्वतःच पडलो होतो, तेव्हा पाहिलं होतं तसं पाहिलं.

आबांच्या कपात निंबाचं एक पान पडलं होतं. ते त्यांनी बोटाने काढलं.

"म्हंजी दोगांनाबी ठाव न्हाई."

"नाही."

"मलाबी न्हाई."

राधाकृष्णराव खाटेच्या दुसऱ्या कडेला टेकले.

"माज्या बापानं आनलं हुतं माज्या लग्नात. राधाच्या, ह्या माज्या पोराच्या लग्नात माज्या थोरल्या भावानं. आता किती बी डोळं मिटलं तरी दिसत न्हाई," आबा म्हणाले. "म्हनून तर पाव्हन्याला इचारलं. म्हनलं, ह्ये त्येंचं सांगतील, मंग राधा आपलं सांगंल, मंग मलाबी आठवंल. राधा म्हनला कळंब, म्हनलं असंल. मला नियम तेवढा ध्यानात ऱ्हायला. झाड गेलं."

मी आयुष्यभर मोठमोठी भाषणं ऐकली आहेत, परंपरा आणि नवा जमाना वगैरे. एका खाटेवर एवढं थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

राधाकृष्णरावांनी गावातल्या वृक्षारोपणाचं सांगितलं. "कळंब त्येंचा," आबांनी निकाल दिला. "त्येंनी लावलाय. लावलं त्ये ज्याचं त्याचं. आता आपलं काय, त्ये बगा."

लावलेलं झाड करंज आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात राधाकृष्णरावांनी देवकांची यादी शोधायला मोबाईल काढला. आबा म्हणाले, "ठिव त्ये." मीही जे तोंडाशी आलं होतं ते ठेवून दिलं. आणि त्या रिकाम्या जागेत मला उंबऱ्यावरची लंकाकाकू आठवली.

"सुकन्येला विचारा," मी म्हणालो. "या घरात यायचं तिला आहे. आमच्या काकू म्हणतात, बाईला विचारून कुणी झाड बदलत नाही."

आबांनी मान वळवली. "व्हय की," ते म्हणाले. "सांग पोरी."

सुकन्येने शेंग फोडली. "आबा, देवकाचं झाड तोडत नाहीत ना?"

"लग्नाची डहाळी सोडली तर न्हाई."

"जाळत नाहीत?"

"न्हाई."

"खातही नाहीत?"

"पानसुदिक तोंडात घालत न्हाईत."

"मग निंब."

"अगं, पण पोर्च..." राधाकृष्णराव म्हणाले.

"गाडी उन्हात राहील, पप्पा," अमृत म्हणाला. त्या दोन भेटींत मी ऐकलेलं त्याचं ते पहिलं ठाम वाक्य.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून विहीणबाई ओरडल्या, "अगं, पाडव्याला निंबाचा पाला खायचा असतो!"

"तेच तर," सुकन्या म्हणाली. "लहानपणापासून बाबा धरून खाऊ घालतात."

आबा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, अमृतने पाठीवरून हात फिरवला. मग त्यांनी मागे हात नेऊन बुंध्यावरच्या लाल पट्ट्यावर थोपटलं, बैलाच्या पाठीवर थोपटतात तसं.

"येतो म्या लग्नाला," ते म्हणाले. "पन पयल्याच पंगतीला बसनार. मला उपाशी ऱ्हाववत न्हाई."

*

लग्नाआधी देवक आणायला आम्ही गावी गेलो. डोक्यावर चौघांनी चादर धरलेली, खाली मी आणि आरती, पुढे ताशा, मागे भावकी. मिरवणूक शाळेसमोर थांबली. रोप गुडघ्याएवढं झालं होतं. त्याची डहाळी तोडली तर झाडच संपेल, म्हणून पाच पानं घ्यायचं ठरलं. मुलांनी शाळेच्या खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या. सुभेदार पुंजाराम भिंगारहून खास आले होते. त्यांनी रोपाला सलाम केला.

पानं ताटात घेऊन आम्ही आधी लंकाकाकूच्या उंबऱ्याशी गेलो. तिने एक पान उचललं, डोळ्यांजवळ नेलं, उलटं करून पाहिलं, अंगठ्याने चोळून वास घेतला. हनुमंत माझ्याकडे बघत होता. मी वेशीवर अजून लटकणाऱ्या बॅनरकडे बघत होतो.

"हीच हुती," काकू म्हणाली.

"नक्की, काकू? तुझ्या लग्नात हीच?"

"हिरवी हाय न्हवं?" तिने पान परत ताटात ठेवलं. "जा आता. पोरगी वाट बघत आसंल."

(आरती: करंजच ते. रोप हातात असलेला तुमचा फोटो ग्रुपवर आला, तेव्हाच मी ओळखलं होतं. पण तुमचा चेहरा त्यात पहिल्यांदाच खरं बोलल्यासारखा आला होता, म्हणून गप्प बसले.)